मेकफाईलमधली राहिलेली अर्धी ओळ

आष्टा, मंगळवार

प्रिय धुळा,

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. हा तिसरा. पहिले दोन फाडले, कारण त्यांत मी नुसतं मशीनबद्दलच लिहीत बसलो होतो. याही कागदात आधी मशीनच येणार. मला दुसरीकडून सुरुवात करता येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक?

आपल्या पाणीपुरवठा संस्थेनं महिन्याखाली नवा कॉम्प्युटर घेतला, आठ कोअरचा. शुक्रवारी उन्हाळी पाणी सुटतंय. पंपहाऊसमध्ये व्हॉल्व्ह उघडबंद करणाऱ्या बोर्डावर घालायचा आपला प्रोग्राम मी त्यावर कंपाईल करायला घेतला आणि मेकला, जुळणीच्या त्या मुकादमाला, आठ कामं एकदम करायला सांगितली. बिल्ड आपटला, जुळणी अर्ध्यात थांबली. म्हणे पाळीच्या तक्त्याची फाईलच सापडत नाही. तसाच पुन्हा चालवला तर गुमान झाला. तुला माहीत आहे, असं आपोआप बरं झालेलं मला चालत नाही. मोटर रिवाइंड करायचो तेव्हाही नुसती फिरली म्हणून मी कधी गिऱ्हाईकाला दिली नाही. वही काढली. प्रत्येक वेळी कोरी प्रत घेऊन चाळीसदा बिल्ड केला. अकरा वेळा फेल. एकावेळी एकच काम सांगितलं तर चाळीसच्या चाळीस पास.

मग रॅम बदलली. जुना कंपायलर घालून बघितला. पंख्याची धूळसुद्धा काढली. स्वतःच्या लिखाणाकडे सगळ्यात शेवटी वळलो, पाचव्या दिवशी.

मेकफाईल माझी, कुठल्या कामानं कुणासाठी थांबायचं ते मेकला सांगणारी. तू व्हॉल्व्हच्या पाळ्यांचा तक्ता साध्या फाईलीत भरायचास, एक छोटा प्रोग्राम त्याची हेडर फाईल करायचा आणि ती पोटात घेऊन मुख्य प्रोग्राम तयार व्हायचा. पण मुख्य प्रोग्रामनं त्या हेडरसाठी थांबायचं, हे मी मेकफाईलमध्ये लिहिलंच नव्हतं. अर्धी ओळ. कामं एकापाठोपाठ एक झाली की हेडर आधी तयार व्हायची, कारण यादीत तिचं नाव वर होतं. एकदम सुरू केली की जो आधी पोचेल तो पुढं.

तू विचारलं होतंस. संस्थेच्या हापिसात, चारचौघांत. "नाथा, तुझ्या मेकफाईलीत माझ्या तक्त्याचं नाव कुठं दिसंना गड्या." आणि मी म्हणालो होतो, तू मेंढरं मोज, मेकचं मी बघतो. सगळे हसले. चेअरमन लालासाहेब तर टेबल बडवून हसले. तूही थोडा हसलास. बारावी नापास माणूस पुस्तकं वाचून एवढं शिकला, त्याची चूक कवठे महांकाळच्या धनगराच्या पोरानं काढावी, हे मला सोसलं नाही. पुस्तकं आपण दोघांनी एकाच कंदिलाखाली वाचली होती, हे त्या दिवशी मी सोयीनं विसरलो.

खरी धास्ती त्या अकरा फेलची नाही, धुळा. जुनं सगळं पुसायला ठेवलेल्या माझ्या 'मेक क्लीन'मध्ये हेडर पुसली जात नव्हती. जुन्या मशीनवर ती आधीच्या हंगामाची कायम पडून असायची. तिथं बिल्ड फेल होणारच नव्हता. जुना तक्ता उचलून मुकाट पास होणार होता. हे ध्यानात आलं तसा मी वही मागं उलटत गेलो. कारण त्या मशीनवर चार कामं एकदम मी आयुष्यात एकदाच सांगितली. लालासाहेब मागे उभे होते, त्यांना वेग दाखवायचा होता. तारीख सांगायला नको, अपघाताचीच.

त्या दिवशी काढून घेतलेला बोर्ड माझ्या कपाटात चिठ्ठी लावून ठेवलेला होता. काल त्यातला तक्ता वाचून काढला. तो तुझा नव्हता. आदल्या हंगामाचा होता. सात आणि नऊ नंबरचे व्हॉल्व्ह एकदम उघडायला हवे होते, त्यात नऊ बंद. सगळा दाब सातवर. तिथं आपला पाणी सोडणारा अर्जुना उभा होता. जॉइंट सुटून पाईप त्याच्या गुडघ्यावर आला.

चौकशीच्या वेळी मी पुन्हा बिल्ड केला, सावकाश, एकेक काम. तक्ता बरोबर आला. तेव्हा मी समितीपुढं बोललो की धुळानं मागाहून गुपचूप दुरुस्त केला असणार. तू एवढंच म्हणालास, "माझा तक्ता पहिल्यापास्नं बरोबर हाय." तुझं कुणी ऐकलं नाही. तू गावी गेलास.

काल अर्जुनाला घरी जाऊन सांगितलं. त्याला कळेना, मग म्हणालो, समज कणीक मळायच्या आधीच एकीनं चपात्या लाटायला घेतल्या, आणि परातीत कालची शिळी कणीक पडलेली. चपात्या झाल्या, कुणाला काही कळलं नाही. तो गुडघा चोळत बसला. म्हणाला, "म्हंजी धुळाआबानं काय केलंच न्हवतं. आवं, बाजारात त्यांनी मला हाक मारली, दोनदा. मी तोंड फिरवून गेलो." मला शिव्या देईल म्हणून मी तयारीनं बसलो होतो. त्यानं एक दिली नाही.

शुक्रवारी दहा वाजता सभा आहे. तू आलास किंवा नाही आलास, हे सगळं मी लालासाहेबांसमोर, सगळ्यांसमोर सांगणार आहे. अर्धी ओळ आता लिहिली आहे, चाळीसपैकी चाळीस पास आहेत, तरी बोर्डावर प्रोग्राम घालायला हात उचलत नाही. बिल्डमधून बाहेर आलेला तक्ता छापून सोबत ठेवलाय. तुझी नजर फिरल्याशिवाय पाणी सोडू देणार नाही. माफी मागणं तेवढं मला कुणी शिकवलं नाही, आणि एकट्यानं शिकायला घेतलं तेही फार उशिरा.

पत्र लिहायला मला अर्जुनानंच बसवलं. म्हणाला, "फोन नगं, फोनवर तुमी लय बोलता. लिवून द्या, मी घिऊन जातो. पर पाकीट चिकटवू नका. यष्टीत वाचनार मी. कायतरी गाळलं असंल तर तसाच माघारी यीन." म्हणून पाकीट उघडं आहे. हे तुझ्या हातात पडलं असेल, तर मी काही गाळलेलं नाही, आणि तो तुझ्या दारात उभा आहे. त्याला फार वेळ उभं राहवत नाही. आधी त्याला बसायला दे. माझं काय करायचं ते मग ठरव.

अजून म्हणू देत असशील तर, तुझाच
नाथा