पट्टा कुणाच्या हातात

६ फेब्रुवारी

ताईंना नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, सगळे धडधाकट आहोत. तुम्ही म्हणाल, परवाच तर फोनवर बोललो, मग कागद कशाला खराब केला. पण फोनवर हे शेजारी बसतात, स्पीकर लावायला सांगतात, आणि मग आपली गाडी हवापाण्याच्या पुढे सरकतच नाही. माझं काम नेहमीसारखं. दिवसाला दीडशे काचा भिंगाखालून जातात. चष्म्याच्या काचेवरचे चरे शोधून शोधून संध्याकाळी माणसांच्या चेहऱ्यावरही तेच शोधायला लागते.

लिहायचं कारण म्हणजे भोपळ्या.

दोन वर्षांपूर्वी तुम्ही त्याला टोपलीतून आणलंत, तेव्हा तो नावाप्रमाणेच होता. गोल, आणि ठेवला तिथे राहणारा. घरात अजूनही लोण्याहून मऊ आहे. पण गेले तीन-चार महिने रस्त्यावर दुसरा कुत्रा दिसला की पाठीवरचे केस उभे राहतात आणि तो अंगावर धावून जातो. दोन्ही हातांनी पट्टा आवरावा लागतो म्हणे. म्हणे अशासाठी, की दोन्ही वेळा हेच त्याला फिरवून आणतात. मी कामावरून येते तेव्हा दोघं परत येऊन बसलेले असतात.

माझा संशय तिसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यांवर आहे. त्यांचे दोन उंच कुत्रे दिवसभर गॅलरीतून खाली बघत असतात, आणि दंतवैद्यही. भोपळ्या खालून चालला की वरून काहीतरी पडतं. एकदा पाणी पडलं, एकदा चप्पल. दर वेळी "चुकून" पडतं. कुणीतरी त्याला मुद्दाम डिवचतंय, ताई.

कोपऱ्यावरच्या शिंपीकाकांची चिंधी तुम्ही पाहिली आहे, ती हातभर कुत्री. भोपळ्या पिल्लू असल्यापासून तिच्याशी खेळायचा, आता तिच्यावरही गुरगुरतो. काकांना म्हटलं, असं कसं झालं हो एकाएकी? ते ओठांत टाचण्या धरून म्हणाले, "कुत्रं एकाएकी बिघडत नाही, बिघडवावं लागतं." कुणी, ते नाही बोलले. मला त्यांचाही जरा रागच आला.

आणखी एक विचारते, राग मानू नका. त्याची आई कशी होती? देताना काही सांगायचं राहून गेलं नाही ना? रक्तातलंच असेल तर तसं कळवा, म्हणजे मी उगीच शेजाऱ्यांना बोल लावणार नाही.

यांचं म्हणाल तर बरं आहे. छापखान्यात थोडे बदल झालेत, मालकांचे जावई आलेत. ते सविस्तर पुन्हा कधीतरी.

तुम्ही जन्मभर कुत्री सांभाळलीत. काही उपाय असेल तर कळवा. उत्तर घरी पाठवलंत तरी चालेल.

तुमच्या भाच्यासारख्याच सांभाळलेल्या भोपळ्याकडून आणि माझ्याकडून नमस्कार.


४ मार्च

ताई,

तुमचं पत्र मिळालं. भोपळ्याच्या आईच्या पोटाशी मांजरीची पिल्लं झोपायची हे वाचून ओशाळले. "राग आला नाही, पण पुन्हा विचारू नकोस" असं लिहिलंत. नाही विचारणार.

तुम्ही सांगितलेला उपाय मनापासून केला. कामाची पाळी बदलून घेतली आणि संध्याकाळी त्याला मीच नेऊ लागले. दुसरा कुत्रा लांबून दिसला की पट्टा ताणायचा नाही, गपचूप रस्ता ओलांडायचा, आणि त्याने माझ्याकडे बघितलं की उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यायचा. पहिल्या दिवशी अंडं माझ्या हातात कुस्करलं गेलं, इतकी मी घाबरले होते. तिसऱ्या दिवशी तो भुंकला, पण धावला नाही. बाराव्या दिवशी दंतवैद्यांचे दोन्ही कुत्रे समोरून गेले आणि आमचा राजा त्यांना सोडून माझ्या खिशाकडे बघत बसला. दंतवैद्य थांबून म्हणाले, "अरे वा, हा तर शहाणा आहे." ती चप्पल खरंच चुकून पडली असावी. त्यांच्या बाईंनी गॅलरीत वाळत घातली होती.

यांना सगळं उत्साहाने सांगितलं. म्हटलं, आता सकाळी तुम्हीही असंच करा. हे पेपर वाचत होते. "त्याची शेळी करून टाकणार तू," एवढंच म्हणाले.

गेल्या शनिवारी सकाळी भोपळ्याने चिंधीला धरलं.

कान गेला तिचा. शिंपीकाका सोडवायला मध्ये पडले, तर त्यांच्या उजव्या अंगठ्याची शीर तुटली. डॉक्टर म्हणतात, तीन महिने कात्री धरायची नाही. कात्री न धरणारा शिंपी म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. मी धावत गेले तेव्हा ते दुकानाच्या पायरीवर बसले होते, अंगठ्याला कोटाचं अस्तर गुंडाळलेलं. हे बाजूला उभे होते. म्हणाले, "पट्ट्याचा हुक निसटला." मीही काकांपुढे हात जोडून तेच म्हटलं, हुक निसटला हो. काका माझ्याकडे बघत राहिले.

मग घरी येऊन मी पट्टा पाहिला. ताई, चूक माझीच, आधी बघायला हवं होतं. हुक कामावर नेऊन भिंगाखाली धरला. त्यावर चरा नाही, स्प्रिंग नवीन असल्यासारखी. पन्नास वेळा ओढून बघितलं, एकदाही सुटला नाही. सुटायचा असेल तर बोटाने मागे ओढावा लागतो.

आता मला वाटतं की यांना गडबडीत नीट कळलं नसेल. किंवा दुसऱ्याच कुणीतरी काहीतरी केलं असेल. रस्त्यावर त्या वेळी बरीच माणसं असतात.

मागच्या पत्रात एक सांगितलं नाही. छापखान्यातले बदल म्हणजे यांना मशीनवरून काढलं आणि गोदामात कागदाचे गठ्ठे मोजायला बसवलं. बावीस वर्षं मुख्य मशीनवाले होते. हे नोव्हेंबरात झालं. भोपळ्या बिघडला तोही तेव्हापासूनच. महिने बोटांवर मोजले आणि मूठ मिटून घेतली.

शिंपीकाकांनी एकदा दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं होतं, "गोदामात टाकलं म्हणे तुम्हाला?" वाईट हेतूने नाही, त्यांच्या पोटात काही राहत नाही. पण ते विचारलं आदल्याच दिवशी, शुक्रवारी.

इमारतीचे सेक्रेटरी कागद घेऊन फिरताहेत. असा कुत्रा ठेवू नये, पालिकेच्या गाडीत द्यावा. गाडीत गेलेला परत येत नाही. त्याला इंजेक्शन देतात.

ताई, हे लहानपणी कसे होते? तुम्ही एकोणिसाव्या वर्षी घर सोडून नोकरीला गेलात, त्यावर या घरात कुणी कधी बोललं नाही. मीही विचारलं नाही. आता विचारते आहे.

उत्तर घरी पाठवू नका. खाली कामाचा पत्ता दिला आहे, तिथे पाठवा. कारण नका विचारू. फोनवर तर मुळीच नको.

तुमची.


२१ मार्च

ताई,

आता लिहिते ते एका दमात लिहिते, नाहीतर पुन्हा चेहरा धुऊन हवापाण्यावर येईन.

मागचं पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी कामावर जाते म्हणून निघाले आणि गेले नाही. बागेच्या कुंपणापाशी वर्तमानपत्राच्या टपरीआड उभी राहिले. स्वतःच्या नवऱ्यावर पाळत ठेवणारी बाई मी कधी होईन असं वाटलं नव्हतं. टपरीवाला दोनदा विचारून गेला, काय हवंय. काय सांगणार त्याला?

हे आले. भोपळ्या बाजूने गुमान चालत होता. समोरून एक बाई पांढरा कुत्रा घेऊन आली. भोपळ्याने त्या कुत्र्याकडे बघितलं आणि मग मान वर करून तुमच्या भावाकडे बघितलं, मी शिकवलं होतं तसं. अंडं मिळेल म्हणून. तुमच्या भावाने आधी आजूबाजूला नजर टाकली. मग गुडघ्याने त्याला ढोसलं, दातांतून "च्" असा आवाज केला आणि पट्टा दोन हात सैल सोडला. भोपळ्या झेपावला. बाईने कुत्रा उचलून घेतला, किंचाळत पलीकडच्या फुटपाथवर गेली, तिच्या मागची दोन माणसंही गेली. मोकळ्या झालेल्या रस्त्यावरून तुमचा भाऊ चालत गेला. त्याची छाती बघायला हवी होती तुम्ही. मुख्य मशीनवाला झाला तेव्हाही असा चालला नव्हता.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात मी म्हटलं, "हुक तुटलेला नाही. मी बघितलाय."

त्याने कप खाली ठेवला. ओरडला नाही, काही नाही. भोपळ्या आमच्या दोघांच्या मध्ये पडला होता. तुमच्या भावाने माझ्याकडे बघत "च्" केलं.

हे लिहायला मला दोन आठवडे लागले, ताई. भोपळ्या ताडकन उठला. त्याने माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं, टेबलाखाली बघितलं. तो आवाज आला की कुत्र्याच्या अंगावर जायचं, हे त्याला ठाऊक. पण स्वयंपाकघरात त्याला कुत्रा कुठे सापडेना. मग पुन्हा माझ्याकडे बघितलं आणि त्याने तिथेच जमीन ओली केली, टेबलाखाली जाऊन बसला. मी ओट्याला पाठ लावून उभी होते. अठरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा.

"गंमत केली," तुमचा भाऊ म्हणाला. फडकं आणून त्याने ती जागा पुसली आणि पुन्हा म्हणाला, "गंमत गं."

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींचा कागद आमच्या दारात आला. त्यावर पहिली सही तुमच्या भावाची होती. कुत्रा धोकादायक आहे, आमची हरकत नाही. ती सही बघितली आणि मी तशीच शिंपीकाकांकडे गेले. ते डाव्या हाताने बटण लावायचा प्रयत्न करत होते. चिंधी मशीनखाली झोपली होती, डोक्याला पट्टी. मी म्हटलं, "काका, हुक निसटला नव्हता. सोडला होता. मी खोटं बोलले."

ते म्हणाले, "माहीत आहे."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"कुत्रं अंगावर आलं तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे बघतच नव्हतो, पोरी. पट्टा धरणाऱ्याच्या तोंडाकडे बघत होतो. म्हटलं, तुम्ही सांगायला येता का ते बघू."

मी इतके दिवस कुणाकुणावर संशय घेतला. दंतवैद्यांवर, काकांवर, तुमच्यावर, भोपळ्याच्या मुक्या आईवर. ज्याच्यावर घ्यायला हवा होता त्याला रोज सकाळी चहा देत होते. खरं सांगायचं तर संशय होताच. मी तो दुसऱ्यांच्या दारात नेऊन टाकत होते.

काकांनी सेक्रेटरींना सांगून कागद मागे घ्यायला लावला. एकच अट घातली, की कुत्र्याला मुसकं घालायचं आणि पट्टा मी धरायचा. मी आता कामावरून आले की त्यांचं कापड कापून देते. सरळ कापते, काचेच्या कामाने हात स्थिर झालाय. काका ओरडतात, पण कमी.

 चार दिवसांनी तुमचा भाऊ जेवताना ताटाकडे बघत म्हणाला, "बावीस वर्षांत माझ्यासाठी कुणी रस्त्यातून बाजूला झालं नव्हतं." मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण त्यानंतर मी पाणी घ्यायला उठले तेव्हा त्याच्या पाठीमागून न जाता टेबलाला वळसा घालून गेले, आणि ते आम्हा दोघांच्याही लक्षात आलं.

तुमचं उत्तर काल कामावर मिळालं. चार ओळींचं. "आमच्या वडिलांनी कुत्रा पाळला नाही. त्यांना गरज नव्हती, आम्ही दोघं होतो. कंटाळा आला की मला त्याच्यावर सोडायचे, नाहीतर त्याला माझ्यावर, आणि खुर्चीत बसून बघायचे. मी मोठी होते म्हणून सुटले, तो तिथेच राहिला." मी ते जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि मग दिवसभरात एकही काच पास केली नाही. सगळ्यांवर चरे दिसत होते.

तुम्ही शेवटी विचारलंत, भोपळ्याला परत घेऊन जाऊ का. नको. भोपळ्या माझ्याकडे राहील. काल बागेपाशी तो पांढरा कुत्रा पुन्हा भेटला. भोपळ्या थरथरला, पण माझ्याकडे बघत उभा राहिला. त्याचं बिघडलेलं सुधारतंय.

तुम्ही तुमच्या भावाला घेऊन जा.

रागाने म्हणत नाही. मला त्याला कसं वागवायचं ते कळत नाही, आणि मला त्याची भीती वाटते, हे पहिल्यांदाच कागदावर लिहिते आहे. तुम्ही त्याला त्या खुर्चीसमोर पाहिलेलं आहे. त्याने तुम्हाला आणि तुम्ही त्याला मारलंय, ते कुणाच्या सांगण्यावरून हे तुम्हा दोघांनाच ठाऊक. त्यावर एकदा बोला. मी सांगितलं त्याला, रविवारच्या गाडीने ताईंकडे जा, मी त्यांना सगळं लिहिलंय. तो बराच वेळ पिशवीची चेन लावत-काढत होता. मग विचारलं, "किती दिवस?" मी म्हटलं, ते मला माहीत नाही.

"ताई काय म्हणेल?" हे विचारताना त्याचा आवाज नऊ-दहा वर्षांच्या पोराचा होता. ते तुम्हाला कळवायला हवं, म्हणून लिहिलं.

गाडी दुपारी पोचते. स्टँडवर घ्यायला याल ना?

तुमची, आजच्या तारखेला तरी,
भावजय