न वाजणारं गेट

मंगळवार पेठ, सोलापूर

प्रिय प्रभु,

हे पत्र घेऊन आलेला बिरप्पा तुझ्यासमोर बसलेला असेल. आपल्या शेजारच्या शिवपुत्राचा मेव्हणा तो. तुझं वाचून होईपर्यंत उठू नको, चहा दिला तर पी, पण उठू नको, असं त्याला सांगून पाठवलंय. फोन करून बघितला. तू 'अक्का, डेमोत आहे' म्हणून ठेवलास. पुन्हा केला, तर तुझ्या ऑफिसातल्या गोड आवाजाच्या मुलीनं उचलला आणि मलाच विचारलं, की मॅडम, लेख कधी देताय, सर वाट बघतायत. सख्ख्या बहिणीला मॅडम म्हणणारी माणसं पगारावर ठेवण्याइतका तू मोठा झालास, बरं वाटलं. लेख होणार नाही. 'सोलापूरच्या फाउंड्रीत बसवलेलं आमचं गेट आजवर एकदाही विनाकारण वाजलेलं नाही' हे वाक्य माझ्या नावाखाली छापायचं नाही. लोकांना चिमटे काढून काढून हे नाव कमावलंय, ते गुदगुल्या करायला देणार नाही. आणि दुसरी गोष्ट, जिच्यासाठी बिरप्पाची रात्रीची झोप मोडली: फाउंड्रीच्या आबासाहेबांना आजच्या आज सांग, की गेट पुन्हा पहिल्यापासून लावून होईपर्यंत भंगाराचा एकही ट्रक आत घ्यायचा नाही. ते गेट काही ओळखत नाही. का ओळखत नाही, ते लिहिते, पण मला जमेल तसं लिहिते. मधेच पानं उलटू नकोस.

'अक्का, माझा धंदा तुला कधी कळलाच नाही,' असं तू म्हणतोस. कळतो की. अप्पांच्या दुकानात बसायला तू तयार नव्हतास. चादर विकायची तर गिऱ्हाइकाला थंडी वाजावी लागते, आणि सोलापुरात थंडी वाजते कुठं, असं तू अप्पांना तोंडावर सांगितलंस. पुण्याला जाऊन भीती विकायला घेतलीस. तिला सीझन नसतो. आधी चोरांची भीती, तेव्हा दाराला लावायच्या घंट्या विकल्यास. मग कॅमेरे. मग कुठं कुठं स्फोट झाले आणि प्रत्येक मॉलला, थिएटरला, देवळाला मेटल डिटेक्टरची चौकट हवीशी झाली. त्या वर्षांत देशात कुठं काही फुटलं, की आव्वा देवापुढं दिवा लावायची आणि तुझा फोन एंगेज लागायचा. तुझ्या त्या चौकटी मी अजून बघते. खिशात किल्ली असली तरी वाजतात, नसली तरी वाजतात, आणि खुर्चीवरचा वॉचमन मोबाईलमधून मान न काढता 'जावा, जावा' म्हणतो. त्यावर मी कॉलम लिहिला, तर तू चिडलास. 'अक्का, पेपरात सगळ्या जगाची टिंगल कर, माझ्या पोटावर कशाला मारतेस?' तेव्हाच मला कळायला हवं होतं. वाजणाऱ्या यंत्राला लोक हसतात म्हटल्यावर तू पुढचं यंत्र न वाजणारं आणणार.

आणलंस. किरणं ओळखणारं गेट. मला तू ते समजावून सांगितलंस तेव्हा खरं सांगते, कौतुक वाटलं होतं. भंगारात कधी एखाद्या दवाखान्याच्या, कधी एखाद्या बंद कारखान्याच्या मोडक्या यंत्रातला असा तुकडा येतो, की दिसायला बोल्टएवढा, ना वास ना धूर, पण जवळ बाळगणाऱ्याचं रक्त नासवतो. भट्टीत गेला तर सगळ्या ओतीव मालात मिसळतो. असा तुकडा ट्रकमध्ये असला तर गेटानं बोंब मारायची. चांगलंच आहे. पण आबासाहेबांना ते कामगारांच्या रक्तासाठी नको होतं. परदेशातलं गिऱ्हाईक तपासल्याचा दाखला मागत होतं, माल परत येईल म्हणून त्यांना गेट पाहिजे होतं. तू दोन दाखवलीस. महागातलं गेट आजूबाजूची किरणं सारखी मोजत राहतं आणि आपलं आपण जुळवून घेतं. स्वस्तातलं एकदाच मोजतं, बसवल्या दिवशी, आणि तेच धरून चालतं. आबासाहेब म्हणाले, 'एकदा शिकवलेलं पुरे की. आमी काय जन्मभर शिकतोय व्हय?' हे तूच मला हसून हसून सांगितलंस. मीही हसले. खोक्यावर कुठल्याशा जर्मन नदीचं नाव आणि आतल्या पुस्तकात चिनी अक्षरं, त्यालाही हसले. आपल्या घरात हसण्याला कधी तोटा नव्हता.

आता पूजेचा दिवस आठव. वजनकाट्याच्या दोन्ही अंगांना ते दोन पिवळे खांब, त्यांना झेंडूच्या माळा, मधे चटईवर स्वामी बसलेले. स्वामींनी दोन्ही खांबांना विभूतीचे पट्टे ओढले. मग तू माईक घेतलास. 'मंडळी, हे मशीन नव्या सुनेसारखं आहे. दगडामातीतून थोडी किरणं सगळीकडंच येत असतात. आता मुहूर्तावर बटण दाबलं, की पूजा होईपर्यंत ही नुसती बघत बसणार, या घरात रोजचं काय असतं. पहिल्या दिवशी जे बघेल तीच रीत. त्याच्याहून जास्त काही आत शिरलं, की ओरडणार.' पुरुष मोठ्यांदा हसले. बायका हसल्या नाहीत, सुनेचं काय होतं ते त्यांना माहीत होतं. तू बटण दाबलंस, आबासाहेबांनी नारळ फोडला, आणि मालक समोर बसलाय म्हणून स्वामींनी मंत्र चांगले ऐसपैस म्हटले.

तुला मला आबासाहेबांच्या शेजारी बसवायचं होतं. मी म्हटलं, मी लांब बसते. 'नाटकं नकोत अक्का, पेपरात फोटो यायचाय.' मी ऐकलं नाही. उजव्या खांबाला लागून सावली होती आणि तिथं माणूस नव्हतं, म्हणून खुर्ची ओढून तिथं जाऊन बसले, आणि पूजा संपेपर्यंत तिथंच होते. फोटोग्राफरला ते लई आवडलं, एका बाजूला यंत्र आणि एका बाजूला मी, दोघांचंही तोंड वाकडं. मग तुझी लेक संस्कृती पळत आली. दोन्ही हात पसरून, नव्या परकराचा घोळ सावरत. मी सगळ्यांदेखत तिच्यावर ओरडले, लांब हो म्हणून. असं ओरडले, की ती जागच्या जागी थांबली आणि रडायचंसुद्धा विसरली. जेवायला मी पंगतीत बसले नाही, कागदाच्या ताटलीत गव्हाची गोड हुग्गी घेऊन भिंतीकडं गेले. तुझी बायको श्रीदेवी त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाही. तिनं तिच्या माहेरी सांगितलेलं माझ्यापर्यंत आलंय, की बिनलग्नाच्या बाईला लेकरांची माया कुठनं असणार. वाक्य चांगलं आहे. मी लिहिलं असतं तर लोकांनी फोन करून दाद दिली असती.

तू मला काही विचारलं नाहीस. उन्हाळ्यात माझा आवाज बसला होता, तेव्हा 'हळद घालून दूध घे' एवढं म्हणून तू विषय संपवलास, कारण तुला त्या नव्या गेटाबद्दल बोलायचं होतं. सोलापूरच्या त्या उन्हात मी गळ्याला ओढणी गुंडाळून हिंडत होते, तर श्रीदेवी म्हणाली, 'अक्का आता स्टाइल मारायला लागल्या.' मी हैदराबादला निघाले त्याच्या आदल्या दिवशी तुला फोन केला. तू दिल्लीला प्रदर्शनात होतास. मागं कसली तरी गाणी चालली होती. 'नंतर करतो' म्हणालास. मी वाट बघितली. मग मीही डोक्यात राख घालून घेतली. म्हटलं, विचारेल तेव्हा सांगू. तो विचारणार नाही आणि मी सांगणार नाही, असा आपला दोघांचा संसार चालू राहिला.

ते तसंच चाललं असतं. तीन दिवसांपूर्वी शिवपुत्र आला होता. फाउंड्रीच्या वजनकाट्यावर तोच असतो. तुझं गुणगान करायला आला होता. 'अक्का, तुमच्या भावाचं गेट लई गुणाचं हाय. शेजारच्या कारखान्यातलं नुसतं किरकिर करतंय. खत वाहिलेला ट्रक आला की वाजतंय, फरश्यांचं तुकडं आलं की वाजतंय. परवा एक ट्रक तितं वाजला म्हणून त्यांनी परत धाडला, तर डायव्हरनं त्योच आमच्याकडं आणला. आमच्याकडं काय न्हाय. गप गेला.' तो खूश होता. माझ्या हातातली कपबशी मी खाली ठेवली. मग त्यानं दगडाबाईचं सांगितलं. ती तिथं आवारात भंगार निवडायला बसते, पितळ वेगळं, लोखंड वेगळं, हातानं. आधी काही विचित्र जड, शिशात मढवलेलं दिसलं, की ती लांब सरकायची आणि साहेबाला हाक मारायची. आता हाक मारत नाही. विचारलं तर म्हणते, गेटातनं आलंय म्हंजे चांगलंच असणार की. त्याच ढिगावर बसून ती भाकरी खाते, प्रभु. तुझ्या गेटानं एवढं मात्र करून दाखवलं, तिथं जे एक माणूस सावध होतं तेही निर्धास्त झालं.

शिवपुत्राला मी लगेच सांगितलं. त्यानं दगडाबाईला ढिगावरून उठवलं, पण ट्रक अडवायचा त्याला अधिकार नाही. काल मी स्वतः आबासाहेबांना फोन केला. म्हटलं, गेट बिघडलंय, ट्रक थांबवा. ते हसायलाच लागले. 'ताई, तुमचं पेपरातलं आमी वाचतो, हितं कशाला? भाऊ म्हणतोय गेट झकास हाय.' मी दुसऱ्यांदा सांगितलं, तर आणखी हसले, बायकोलाही फोनवर बोलावून ऐकवलं. इतकी वर्षं लोकांना हसवून मी काय मिळवलं, ते काल दुपारी कळलं. तिसऱ्यांदा नीट सगळं सांगायला तोंड उघडलं आणि सांगता आलं नाही. तुला न सांगितलेली गोष्ट त्यांना सांगायची वेळ आली होती, आणि पलीकडं दोघं नवराबायको हसायला तयार होऊन थांबली होती.

तर ती गोष्ट अशी. माझ्या गळ्यातली गाठ कॅन्सरची निघाली. थायरॉइडचा. ऑपरेशन झालं, म्हणून आवाज बसला, म्हणून ओढणी. मग उरलंसुरलं जाळायला हैदराबादला किरणं सोडणारं आयोडिन दिलं. शिशाच्या डबीतून गोळी आली, देणाऱ्यानं ती लांब दांड्याच्या चिमट्यानं काढली आणि मी ती हातात घेऊन गिळली. खोलीत एकटी होते, ताट दाराबाहेर ठेवून जायचे. सोडताना डॉक्टर म्हणाले, काही दिवस माणसांपासून लांब बसा, लहान मुलांना तर जवळ घेऊच नका, विमानतळावर गेलात तर यंत्रं वाजतील. त्याच आठवड्यात तुझी पूजा होती. मी माणसांपासून लांब बसले आणि तुझ्या खांबाला चिकटले. तुझं यंत्र तेव्हा शिकत होतं, आणि माझ्या अंगातून जे येत होतं ते त्यानं इथलं रोजचं म्हणून शिकून घेतलं. आता त्याच्याहून कमी काही आलं तर ते त्याला काहीच वाटत नाही. हैदराबादच्या डॉक्टरांना परवा सगळं फोनवर सांगितलं. ते आधी हसले, मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, ते गेट आहे कुठं? म्हणून तू आज स्वतः ये. तुझा माणूस पाठवू नकोस, त्याला आबासाहेब चहा पाजून परत पाठवतील. ट्रक थांबव, आत येऊन पडलेला सगळा ढीग हातातल्या यंत्रानं तपासून घे, मग गेट नव्यानं लाव, आसपास कुणाला उभं न करता. आबासाहेब विचारतील, चांगलं चाललेलं गेट बिघडलं कसं. व्होल्टेज म्हणू नकोस, उंदीर म्हणू नकोस. तसं म्हणालास तर ते गेट दुरुस्त करतील आणि ढीग तसाच भट्टीत घालतील. त्यांना खरं सांग, की माझ्या बहिणीला कॅन्सर आहे, ती पूजेला आली तेव्हा ते औषध तिच्या अंगात होतं, आणि मला हे माहीत नव्हतं. तू म्हणालास तर ते हसणार नाहीत. उद्या रात्रीपर्यंत तू हे बोलला नाहीस, तर परवाच्या कॉलममध्ये मी लिहीन, पहिल्यांदाच एकही विनोद न करता. पण मी लिहिलं, तर त्यात 'त्याला माहीत नव्हतं' असं नसेल. 'त्यानं विचारलं नाही' असं असेल.

अजून तरी तुझीच,
अक्का