वळणावर अडलेला गायदा

दाफोआजोबांचं घर, वरची आळी
१७ जून

प्रिय सेव्दाताई,

पत्र लिहायचं टाळत होतो हे आधीच कबूल करतो, म्हणजे तू शिव्या द्यायला मोकळी. ईस्टरपासून रोज म्हणतोय, आज लिहू. मग कोणी अळंबी गोळा करायला निघतं, कोणाचं गाढव हरवतं, आणि मी निघतो त्यांच्यामागे. फोन का नाही केलास म्हणशील. फोनवर तू लगेच विचारणार, "कितपत वाजवता यायला लागलं?" पत्राला मध्येच काही विचारता येत नाही.

मी बरा आहे. सकाळी बटाटे खातो, रात्रीही बटाटे. माझ्या गुरूंची, दाफोआजोबांची, तब्येत झकास, जीभ त्याहून झकास. आणि माझ्या अंगाला बोकडाचा वास येतो. साबण झाला, राख झाली, व्हिनेगर झालं. मी दुकानात शिरलो की तिथली मुलगी उठून खिडकी उघडते.

बाबा त्यांच्या फुंकून वाजवायच्या गायद्याची पिशवी करायला बसले की तुला परसात येऊ द्यायचे नाहीत, आठवतं? का ते आता कळलं. अख्ख्या बोकडाचं न फाडता काढलेलं कातडं. ते मिठात मुरवायचं, रोज उलटसुलट करायचं, केस बारीक कापायचे, मग मोज्यासारखं उलटायचं, केस आत. पहिलं कातडं मिठात होतं तेव्हा मला एक ट्रकवाला भेटला, बुर्गासला समुद्रावर चालला होता. म्हटलं, उद्या परत येऊ. आलो तेव्हा कातड्यात अळ्या. आजोबा दारातच उभे. "आलास? तुझा बोकड चालायला लागलाय बघ. तुलाच शोधत होता."

दुसऱ्या कातड्याचे केस मी कापलेच नाहीत. घाई! नळ्या बांधल्या आणि ऐटीत फुंकायला लागलो. आतले केस माझ्याच थुंकीनं कुजले. एके दिवशी फुंकनळीतली चामड्याची झडप सरकली आणि आतली सगळी हवा उलटी माझ्या घशात. मेलेल्या बोकडानं तोंडात ढेकर द्यावा, तसं. शी! मी कुंपणाशी ओकत होतो आणि आजोबा हसून हसून खालीच बसले.

तिसरं कातडं टिकलंय. खरं तर तेच वाईट. आता कातड्याला दोष देता येत नाही.

नवरीला घराबाहेर नेताना वाजवायची चाल मला तिच्यातल्या वळणापर्यंत येते. वळणावर बोट उचलायचं आणि कोपराचा पिशवीवरचा दाब तसाच धरून ठेवायचा. नेमका तिथंच माझा दाब जातो, आणि लांब नळी आजारी गाईसारखी कण्हते. बर्फ होता तेव्हा तिथंच, चेरी फुलली तेव्हा तिथंच, आता चेऱ्या पाखरांनी खाल्ल्या तरी तिथंच. आजोबा म्हणतात, "वाजव." मी म्हणतो, "काय उपयोग?" ते म्हणतात, "उपयोग कोणी विचारला? वाजव म्हटलं."

मला माझ्या कोपराचा वीट आलाय. शहरातली माणसं येतात, माझ्या कण्हण्याचे व्हिडिओ काढतात आणि "किती अस्सल!" म्हणतात. किळस येते त्यांची. त्याहून जास्त माझी, कारण मी त्यांना हसून हात करतो.

बरं, स्ताम्को म्हणून एक जण ग्रीसला पीच तोडायला माणसं घेऊन चाललाय. आज संध्याकाळीच. गाडीत एक जागा रिकामी आहे. पीचला वास किती छान येतो, नाही? सहज सांगितलं.

तुझा लग्नाचा झगा शिवून झाला का? बाह्या पुन्हा उसवल्यास म्हणे.

ठीक आहे, लिहितो. "दारातून तुला मीच वाजवत बाहेर नेणार, परका कोणी नको," असं बाबा गेल्यावर मीच छाती फुगवून म्हणालो होतो. ताई, मला नाही जमणार. सप्टेंबरात तुझ्या लग्नापर्यंत तर नाहीच, कदाचित कधीच नाही. तुझ्या मानोलनं जेवणासाठी स्मोल्यानचा तो कीबोर्डवाला ठरवलाय ना? त्यालाच दारातलंही वाजवायला सांग. त्याचं काही कण्हत नाही आणि त्याला वासही येत नाही. मी सामान बांधलंय. रागावू नकोस. म्हणजे, रागाव, पण थोडंच.

इथं सही करणार होतो, तेवढ्यात फाटक वाजलं. स्ताम्कोच असणार म्हणून सामान उचलून बाहेर गेलो, तर समोर तुझी होणारी सासू! केरानाबाई! एकट्या, बसनं आलेल्या, गुडघ्याला पट्टा, हातात फडक्यात बांधलेली चीजची बनित्सा.

"त्रेंदो तूच ना? नाकानं ओळखलं."

मी दोन पावलं मागे सरलो.

"लाजतोस काय रे? माझ्या लग्नात तर गायद्याच्या वासानं माझा मामा पळाला होता. ऐक, त्या कीबोर्डवाल्याला मी कालच नको म्हणून सांगितलं. जेवणालाही नको आणि दारातही नको. सुनेचा सख्खा भाऊ असताना तो वायरवाला कशाला? मानोल रुसलाय. रुसू दे. मी म्हटलं, आपण जाऊन ऐकून तर येऊ."

"मावशी, मला येत नाही. मी अडतो."

"कुठं?"

"वळणावर."

"मग अड की. पोरगी उंबऱ्यात थांबेल तेवढी. माहेरातून निघताना घाई कोणाला असते?"

ताई, आता त्या बाकावर बूट काढून बसल्यात. आजोबा शेजारी बनित्सा खातायत. दोघं माझ्याकडे बघतायत. खाली पुलावर स्ताम्को हॉर्न वाजवतोय, सामान फाटकातच पडलंय, आणि मी वाजवण्याआधी कातडं ओलं करता करता हे उभ्यानं लिहितोय. वास तसाच आहे, किळसही तशीच. वरचं काही खोडत नाही, ते सगळं खरंच आहे.

फक्त एवढं कर. मी अडलो तर उंबऱ्यातच थांब. माझा सूर पुढे सरकल्याशिवाय पाऊल टाकू नकोस.

तुझ्यापुढे चालणारा,
त्रेंदो