मूठभर मिठाची पोर

३ जानेवारी, सोनिवली
या इमारतीच्या लिफ्टमधल्या बाईविरुद्ध मी रीतसर निषेध नोंदवत आहे. दार उघडं राहिलं की ती हिंदीत विनवते, कृपया दरवाजा बंद करें. बंद केला तरी विनवतेच. सामानाच्या प्रत्येक खेपेला मी तिची माफी मागितली. इतकी नम्रता विनितानं अख्ख्या संसारात माझ्याकडून वसूल केलेली नाही.

बाकी घर झकास. उल्हासनगरला आमच्या खोलीखाली जीन्स धुण्याचा कारखाना होता. आमच्या पोरीला ती धूळ आणि वाफ चालणार नाही, असं डॉक्टर म्हणाले, म्हणून बदलापूर. तेजल, वय सहा, आजार ल्युकेमिया, डोक्यावर एक केस नाही. तिनं आल्याआल्या खिडकीचा ताबा घेतला आणि मला बजावलं, बाबा, तू पण टकला होणारच आहेस, घाई कर.

९ जानेवारी
पाणी उकळून, फळ सोलून, माणूस मास्क लावून. पाहुणे बंद; हा एक नियम मला आजाराआधीही चालला असता. गोळीचे दोन तुकडे करताना विनिता सोनारासारखा श्वास रोखून धरते.

समोरच्या फ्लॅटमध्ये बनूबाई एकट्या राहतात. ज्या शेतावर ही इमारत आहे ते त्यांचं, त्यामुळे आम्ही सगळे त्यांच्या भातात उभे आहोत असा त्यांचा आवाज. मी पेपरात लिहितो हे कळल्यापासून मला पेपरवाल्या म्हणतात. रोज दाराबाहेरून ओरडतात, ए पेपरवाल्या, पोर जेवली का नाय?

१८ जानेवारी
ताप चढला. हॉस्पिटल. पांढऱ्या पेशी तळाला. आज घरी सोडलं.

बनूबाईंनी विनिताला सांगितलं, पोर मला विकून टाक. त्यांच्यात जुनी रीत आहे म्हणे. ज्या बाईची सगळी लेकरं जगली, तिला आजारी पोर विकायची. मग न्यायला येणाऱ्याला ती सापडत नाही. बरी झाली की तीच किंमत परत द्यायची आणि पोर घ्यायची. किंमत मूठभर मीठ. त्यांच्या सासऱ्यांची खाडीकाठी मिठागरं होती.

मी विचारलं, याची पावती फाइलीत कुठे लावू? विनिता म्हणाली, तुझे विनोद मी इतके महिने ऐकतेय, एकानंही हिचा ताप उतरला नाही.

संध्याकाळी बनूबाई उलटा मास्क लावून उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. मिठाची पुडी आत सरकवली. विचारलं, कुणाची पोर? विनितानं पुडी देवघरात ठेवली आणि मग म्हणाली, तुमची.

४ फेब्रुवारी
पेशी वाढल्या! मी श्रेय औषधाला देतो, विनिता बनूबाईंना, तेजल स्वतःला. होळी झाली की पोर परत घ्या, असं बनूबाई म्हणाल्या.

स्टेरॉइडमुळे तेजलचं जेवण अळणी. तिला एकटं वाटू नये म्हणून विनिताही अळणी जेवते. त्यागमूर्ती नसलेला मी एकटा मीठ खातो. ते आज संपलं. देवघरातली पुडी माझ्या बरणीत ओतली. खड्याचं मीठ, आमटीला काय चव! विनिताला सांगितलेलं नाही.

१५ फेब्रुवारी
बनूबाई गेल्या. दुपारी झोपल्या त्या उठल्याच नाहीत. त्यांचा मुलगा चंदर त्यांना बदलापूर गावात जुन्या घरी घेऊन गेला. फ्लॅटला कुलूप.

विनिता देवघरात पुडी शोधत होती. सांगावं लागलं. तिनं बरणी उचलून उजेडात धरली. रिकामी.

१८ फेब्रुवारी
तेजल विनिताला ताई म्हणते. आय कुठंय विचारते. आमच्या घरात कुणी 'आय' म्हणत नाही. आज भर दुपारी म्हणाली, आय दाराबाहेर बसलीय, तिला आत का घेत नाय?

डॉक्टरांना फोन केला. स्टेरॉइडवर मुलं चिडतात, बडबडतात, म्हणाले. मी फार आनंदानं त्यांचे आभार मानले.

२० फेब्रुवारी
उंबऱ्यावर पांढरा थर. पुसला. पुन्हा आला. बोट लावून चाखलं. मीठ.

तेजलच्या टाळूवर ओठ टेकले. खारट. ताप नाही. उलट अंग गार.

२१ फेब्रुवारी
चंदरला फोन केला. दुसरं मीठ देतो म्हटलं. तो म्हणाला, घेतलेलंच परत द्यावं लागतं, दादा, नायतर पोर तिचीच राहते, आय असती तर तिनं — आणि फोन ठेवला.

तरी नवं पाकीट उंबऱ्यावर ठेवलं. पाकीट बंदच आहे. आत पाणी.

२२ फेब्रुवारी
तेजल चप्पल घालून दाराशी. आय आयली, म्हणते. विनितानं कवटाळून धरलीय. धरूनही — विनिता म्हणते, हिचं वजन लागत नाही. पेशी उत्तम आहेत. रिपोर्ट उत्तम. पोर जातेय.

संध्याकाळ
साधी गोष्ट. इतकी अक्कल पाजळणाऱ्याला दिसू नये —

ते मीठ विनितानं खाल्लं नाही. तेजलनं नाही. सगळं माझ्या अंगात आहे.

विनिताला म्हटलं, गोळी आठवणीनं दे, मी दूध घेऊन येतो. तिनं पिशवी हातात दिली.

दार उघडलंय, उंबऱ्याबाहेर बनूबाई. बनूबाईंच्या अंगाला खाडीचा वास — मी हळूच म्हटलं, तुमचं मीठ आणलंय, जसंच्या तसं नाही, पण आहे सगळं. त्यांनी मनगट धरलं. चाचपतायत. वजन बघतात तसं —

आत तेजल ओरडतेय. आई, भूक लागली. आई म्हणाली. विनिता रडतेय की हसतेय —

हो, बनूबाई, एवढं लिहितो आणि —