हौसरावांची खुर्ची आणि माझी राळ

मी, दानिएल यहोशवा उजागरे, वय ७४, धंदा फर्निचर पॉलिश, राहणार शिरूर, जिल्हा पुणे, राजीखुशीने हे मृत्युपत्र करून ठेवतो. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. जिभेचा दाखला त्यांनी दिला नाही.

१. शिरूरचं दोन खोल्यांचं घर, मागच्या शेडसह, मुलगी जॉयस हिला. ती कुरकुंभला औषधांच्या कंपनीत शिफ्टला जाते. मुलगा जॉन्सन पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो. या घराला राळेचा वास येतो ही त्याची जुनी तक्रार. ती मी कायमची मिटवीत आहे.

२. ब्रश आणि राळेची गोणीही जॉयसला. राळ म्हणजे सालवृक्षाचा वाळलेला चीक. टर्पेंटाइनमध्ये विरघळवली की व्हार्निश, तिळाच्या तेलात घोटली की मलम. मलम विकायचं तर आधी लायसन काढावं लागतं, हे तीच मला सुनावते.

३. सोसायटीचे चेअरमन हौसराव वाबळे ऊर्फ आबा यांना काहीही देऊ नये. कारण लिहिणं भाग आहे. ते पुन्हा निवडून आले तेव्हा त्यांची खुर्ची मी व्हार्निश केली. त्याच दुपारी ते सभेला आले.

"आबा, दोन दिस थांबा. ओलं हाय."

"दान्या, दोन दिसात दुसरं कुणी बसंल. वाळंल बसल्या बसल्या."

सभा संपली. सगळे उठले, आबा उठेनात. विरोधकांनी मोबाइल काढले. चौघांनी ओढलं तेव्हा विजार खुर्चीवरच राहिली. कुणीतरी थिनर ओतलं, कातडी भाजली. आबांनी जाहीर केलं, की विरोधकांशी संगनमत करून मी डिंक लावला. त्यानंतर पंचक्रोशीत मला एकही दरवाजा पॉलिशला मिळाला नाही. माझ्या बायकोने, कृपाबाईने, मरेपर्यंत लोकांचे कपडे शिवून घर चालवलं. हे मी माफ केलेलं नाही. पाळकसाहेबांनी आग्रह करू नये.

आबांच्या पत्नी साखरबाई मात्र पदराआड माझ्या मलमाची डबी घेऊन गेल्या. आबा त्यानेच बरे झाले.

४. साखरबाईंना मलमाच्या डब्या ठेवायच्या होत्या. पण साक्षीदाराला काही ठेवता येत नाही, असं वकील म्हणाले. मी साखरबाईंनाच विचारलं, डब्या घेता की साक्षीदार म्हणून सही करता.

"डब्या ऱ्हाऊ द्या, भाऊ. तिसरं कलम मोठ्यानं वाचा."

वाचलं.

"वैनी, आबांनी बघितलं तर?"

"बघू द्या की. लांबनं दिसंल अशी सही करते."

ठिकाण: शिरूर
तारीख: ७ मार्च २०२४

लिहून ठेवणार: दानिएल यहोशवा उजागरे (सही)

आमच्यासमक्ष सही केली:
मच्छिंद्र ढोकले, शेजारी (सही)
साखरबाई हौसराव वाबळे (सही; जागा अपुरी पडल्याने पुढील पानावर)