पायातला जोर

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज तुझी ती गाडी आठवली. बाबांनी हौसेने घेतलेली, रत्नागिरीत तेव्हाही जुनीच दिसणारी विलायती गाडी. बाबा गेले आणि वर्षाच्या आत तू ती चालवायला शिकलीस, कारण पालीजवळची आपली आंब्याच्या कलमांची बाग आता तुलाच बघायची होती. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती, मी नुकतीच बँकेत लागले होते.

एक दिवस तू बागेतून आलीस ती घामाने भिजून. उतारावर ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट झालं, दोन्ही पाय रोवले तेव्हा कुठे गाडी थांबली, म्हणालीस. गॅरेजवाल्याने पुढच्या चाकांच्या डिस्क बघितल्या, पॅड बदलले, ऑइल बदललं. तरी तेच. शेवटी तो काकांना म्हणाला, "गाडीत काही नाही. बाईंच्या पायात जोर नाही." तू शेजारीच उभी होतीस. काकांना तेवढंच हवं होतं. "वहिनी, आता पुरे. मिरजोळ्याचा एक कारखानदार गाडी घ्यायला तयार आहे. रविवारी आणतो त्याला. बागेचं मी बघतो."

शनिवारी मी बँकेतून आले तशी म्हणालीस, "चल गो, गाडीत बस." इंजिन चालू आहे, मी पेडल दाबते आहे आणि तू बॉनेट उघडून उभी आहेस. पहिल्यांदा मऊ. "परत दाब, लगेच." घट्ट. थोडं थांबून दाबलं की पुन्हा मऊ. तू पदर खोचलास आणि स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणालीस, "पायात जोर नसता तर पहिल्यांदाही नसता."

इंजिन एका गोल डब्यातली हवा ओढून घेतं म्हणून पेडल हलकं लागतं, हे बाबांनी तुला सांगितलं होतं. त्या डब्याकडे जाणारी रबरी नळी तू काढलीस आणि स्वयंपाकघरात आणून पुसलीस. वरून तिला काही झालेलं नव्हतं. फुंकलीस, हवा गेली. मग तोंड लावून ओढलीस, तर तुझे गाल आत गेले आणि हवा काही येईना. "आतलं रबर सुटलंय. ओढलं की आडवं येतंय, मग डब्यातली हवा लगेच ओढली जात नाही," म्हणालीस. तुझ्या ओठांभोवती काळं वर्तुळ उमटलं होतं.

संध्याकाळी गॅरेजवाल्याने नवी नळी बसवली. बराच वेळ पेडल दाबत बसला. "मी चाकांकडेच बघत राहिलो, बाई," एवढंच म्हणाला.

रविवारी तू काकांना आणि त्या गिऱ्हाइकाला चहा दिलास, गाडीत बसवलंस आणि बंदराकडचा उतार उतरून दाखवलास. काका सारा वेळ पायाने गाडीचा तळ दाबत होते. घरी आल्यावर तू त्या माणसाला म्हणालीस, "गाडी चांगली आहे. म्हणूनच विकायची नाही." काका पुढे बरेच महिने आपल्याकडे आले नाहीत. आले तेव्हा बागेचा विषय त्यांनी काढला नाही.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून लिहिते. नळी सापडली तेव्हा मी तुझ्याबरोबर हसले खरी, पण मला आनंद झाला नव्हता. बाबांनंतर तू गाडी घेऊन बाहेर पडलीस की तू परत येईपर्यंत मला घास जायचा नाही. गाडी विकली जावी, असं मलाही वाटत होतं.