जॅक कुठे लावला

मुक्काम पाली, मंगळवार, १९३४

तीर्थरूप आईच्या पायांवर अंबाजीचं डोकं.

मी बरा आहे. सुकट पोचली. तुझा गुडघा कसा आहे?

साहेबाच्या मोटारीमागे चाकांवरचं घर असतं ना, त्याचं चाक गेल्या आठवड्यात पंक्चर झालं. मी सदाला दोनदा बजावलं होतं, जॅक लावायचा तो चाकाजवळ, लोखंडी चौकटीखाली, आणि जमिनीवर फळी घालून. लाकडी तळाला कधीच नाही. त्याने घाईत तळालाच लावला. तळ फुटला, आतली मडमेची अर्धी भांडी फुटली.

साहेबाने विचारलं, तर सदा म्हणाला, "दादाने दाखवलं तिथेच लावला." मी शेजारीच उभा होतो. निघताना तू रेवसच्या धक्क्यावर म्हणालीस, धाकट्याला सांभाळ. म्हणून गप्प राहिलो.

आता उरलेली भांडी मी घासतो. माझं काम सदाला मिळालं, वर आठ दिवसांची रजा. एव्हाना तो घरी पोचला असेल. त्याला बोंबील करून घाल.

आपल्या घरात वाचता येतं ते आम्हा दोघांनाच, म्हणून हे पत्र तोच तुला वाचून दाखवतोय.

सदा, इथपर्यंत सगळं मोठ्याने वाचलंस ना?

तुझा थोरला,
अंबाजी